उलटा त्रिकोण

शिरूरहून चौफुल्याच्या वाटेवर न्हावरे लागते. घोडगंगा सहकारी साखर कारखान्याचे हे गाव. पण मी दिवाळीत तिथे जातो तो उसाच्या ओढीने नव्हे, मामांच्या.

मामांच्या ओसरीवर एक जुना पत्र्याचा फलक आहे. अक्षरे गंजाने खाल्ली; उरला आहे टोक खाली केलेला एक तांबडा त्रिकोण. गावाची समजूत अशी, की हा कुटुंबनियोजनाचा फलक! पाच मुलांच्या बापाने तो दारात लावावा, यावर पारावर पुष्कळ विनोद झाले. मामा हसून गप्प बसत.

खरी गोष्ट मला यंदा कळली. फलक मुळी उलटा लावलेला आहे. सुलटा केला, की ती 'बास' या इंग्रजी बिअरची जाहिरात! हा त्रिकोण म्हणजे १८७६ साली इंग्लंडात नोंदले गेलेले पहिले व्यापारचिन्ह. माने या फ्रेंच चित्रकाराने १८८२ साली पॅरिसमधल्या बारचे चित्र काढले, त्यातही तो मिरवणाऱ्या बाटल्या आहेत. पॅरिसहून न्हावऱ्याच्या ओसरीपर्यंत त्याची मजल!

मामा तरुणपणी खडकीला लष्करी मेसमध्ये वाढपी होते. गोऱ्यांच्या वेळचा हा फलक तिथल्या अडगळीत निघाला, तो त्यांनी मागून घेतला. गळ्यात तुळशीची माळ आणि हातात बिअरची बाटली! थेंब कधी जिभेला लावला नाही. पण गावात बातमी पोचली ती अर्धीच. परतल्यावर सप्ताहात सलग चार वर्षे त्यांच्या हाती वीणा आली नाही.

"हातातनं गेली, नरड्यातनं नाही," मामा म्हणाले. "पर कोणाकोणाला सांगत बसू?"

तेव्हाच त्यांनी फलक फिरवला. टाकून मात्र दिला नाही.

"मामा, ओतायची तरी कशी?" मी विचारले.

मामींनी चरकावरून उसाचा रस आणला होता. मामांनी पेला स्वच्छ घासून गार पाण्याने विसळला. "तुपाचं बोट लागलं, की फेस मेला." पेला तिरपा धरून त्यांनी कडेवरून रस हळूच सोडला. निम्म्यावर येताच पेला उभा केला आणि धार मधोमध पाडली. वर बरोबर दोन बोटे फेस! बिअरचा फेस सातूतल्या प्रथिनांवर आणि हॉपच्या कडू फुलांवर टिकतो. हा बिचारा लगेच बसू लागला. "फेस आला न्हाई, तर वायू पोटात जातो, अन् साहेब ढेकरा देत बसतो."

हात ऐंशी वर्षांचा, पण थेंब सांडला नाही. तो पेला मामांनी आधी देवघरात विठोबापुढे ठेवला.

"फलक आता सुलटा करू का?" मी विचारले.

"राहू दे," मामी म्हणाल्या. "पाच पोरांनंतर का होईना, सरकारचं काम होतंय!"

वाचकहो, न्हावऱ्याला गेलात, तर तेवढे बोलू नका.