परक्या गावचा रविवार

पुण्या-मुंबईहून शिक्षणासाठी जर्मनीत गेलेला तरुण कोलोनचे कॅथेड्रल आणि बर्लिनच्या भिंतीचे अवशेष पाहायचे मनाशी ठरवून जातो; परंतु त्या देशाच्या अंतरंगाशी त्याची पहिली गाठ पडते ती बहुधा रविवारी सकाळी, खोलीतले दूध संपलेले असताना. किराणा दुकाने बंद असतात आणि रेल्वे स्थानक, पेट्रोल पंप किंवा काही तासांपुरती उघडणारी बेकरी यांवरच भागवावे लागते. या बंदीचे मूळ खोल आहे. रविवार हा कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून कायद्याने जपला जाईल, असे कलम १९१९ च्या वायमार राज्यघटनेत होते, आणि १९४९ च्या ‘मूलभूत कायद्याने’, म्हणजे आजच्या जर्मन राज्यघटनेने, ते कायम ठेवले. त्या दिवशी निवासी वस्तीत गवत कापण्याचे यंत्र चालवता येत नाही, भिंतीला ड्रिल लावता येत नाही. इतकेच काय, रिकाम्या बरण्या रस्त्याकडेच्या काचपेटीत टाकणेही वर्ज्य असते, कारण काच फुटल्याचा आवाज शेजाऱ्याच्या खिडकीपर्यंत जातो. कर्कश हॉर्न, ढोल आणि फेरीवाल्यांच्या आरोळ्या ऐकत वाढलेल्या कानांना ही शांतता आरंभी भकास वाटते; पुढे पुढे तिच्यातूनच चर्चच्या घंटा, सायकलच्या साखळीची खरखर आणि वरच्या मजल्यावरची भांड्यांची किणकिण वेगवेगळी ऐकू येऊ लागते.

इतर गोष्टी लवकर अंगवळणी पडतात. भुयारी रेल्वेच्या स्थानकांत अडसराची फाटके नसतात, तिकीट काढणे प्रवाशाच्या सचोटीवर सोडलेले असते, आणि साध्या वेशातील तपासनीस मात्र केव्हाही समोर उभा राहू शकतो. वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस त्यानेच कचेरीत न्यायचा असतो, आणि शुभेच्छा आदल्या दिवशी देणे अशुभ मानले जाते.

सर्वांत जास्त शिकवते ती रिकामी बाटली. बाटलीच्या किमतीत ‘फांड’ म्हणजे परत मिळणारी अनामत धरलेली असते : पुन्हा भरल्या जाणाऱ्या बिअरच्या बाटलीवर सहसा ८ सेंट, एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट. दुकानातील यंत्राच्या गोल तोंडात बाटली आडवी सरकवली की ती आत फिरते, तिच्यावरची खूण वाचली जाते, आणि शेवटी बटण दाबल्यावर निघालेली चिठ्ठी गल्ल्यावर देऊन पैसे मिळतात. एकदाच वापरायच्या बाटल्यांवरील ही सक्ती २००३ मध्ये आली; तिच्याभोवती एक न लिहिलेली रीतही वाढली. उद्यानात बसलेली मंडळी रिकामी बाटली कचरापेटीत न टाकता तिच्या बुडाशी उभी करून ठेवतात, म्हणजे बाटल्या वेचून चार पैसे मिळवणाऱ्या वृद्धाला पेटीत हात घालावा लागत नाही. इतक्या संपन्न देशात म्हातारपणी बाटल्या वेचण्याची वेळ यावी ही खेदाची गोष्ट आहे, आणि बाटली पेटीबाहेर ठेवल्याने तो खेद मिटत नाही. तरीही अनोळखी माणसाचा मान राखण्याची ही पद्धत कोणत्याही कायद्याने घालून दिलेली नाही, ती लोकांनी आपण होऊन पाळली आहे. तेथे राहायला जाणाऱ्या प्रत्येक मराठी तरुणाने ती पहिल्या आठवड्यातच उचलावी.