पेटीतलं मांजर आणि पानिपतची गोळी

चोपड्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला क्वांटम मेकॅनिक्स सुरू केलं की एक प्रश्न ठरलेला असतो: ‘सर, मांजर एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं कसं?’ मी विचारतो, ‘असं कोण म्हणतं?’ पोरं एका सुरात सांगतात, ‘श्रोडिंगर!’ त्या बिचाऱ्याचं म्हणणं तर नेमकं उलटं होतं.

मांजर ज्यात येतं तो एर्विन श्रोडिंगरचा लेख 1935 सालचा, जर्मनमधला. लेख लांबलचक आहे आणि त्यात मांजराच्या वाट्याला एक परिच्छेद आलाय. पोलादी पेटीत मांजर. शेजारी गायगर काउंटर आणि किरणोत्सारी पदार्थ इतका चिमूटभर, की तासाभरात त्यातला एखादा अणू फुटेल किंवा एकही फुटणार नाही. दोन्हींची शक्यता सारखीच. फुटला तर रिले हातोडी सोडणार, हायड्रोसायनिक आम्लाची कुपी फुटणार आणि मांजर संपणार. आता अणूचं गणित अख्ख्या पेटीला लावा: तासाभराने मांजर जिवंतही आणि मेलेलंही म्हणावं लागतं. श्रोडिंगरने स्वतःच हे उदाहरण हास्यास्पद म्हणून मांडलं. अणूपुरतं धूसरपण चालवून घेता ना, मग ते मांजरापर्यंत पोचल्यावर काय कराल, असा त्याचा सवाल होता. त्याआधी आइनस्टाइननेही त्याला पत्रातून बंदुकीच्या दारूचं असंच उदाहरण दिलं होतं.

हा टोमणा आज सिद्धांत म्हणून फिरतो. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत वक्ते बिनदिक्कत ठोकून देतात, ‘तुम्ही बघाल तसं वास्तव घडतं.’ छे! पेटीतली हवा, उष्णता, खुद्द तो काउंटर यांच्याशी मांजराचा संबंध क्षणोक्षणी येत असतो. दोन अवस्थांचा एकमेकींवर दिसू शकणारा परिणाम झाकण उघडण्याच्या कितीतरी आधी पुसला जातो. तरीही शेवटी एकच निकाल का हाती येतो, हा वाद अजून मिटलेला नाही. वर्गात वेळ घालवावा तो त्यावर.

धावती ट्राम अनेकांवर जाऊ द्यावी की वळवून एकावर, या ट्रॉलीच्या कोड्याचीही हीच गत. फिलिपा फूटने 1967 मध्ये ती ट्राम आणली गर्भपाताच्या नीतिचर्चेत. आज ती चालकाविना धावणाऱ्या मोटारींच्या गप्पांत सापडते.

आपल्याकडचं उदाहरण जयंत नारळीकरांचं. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर विश्वासरावांना प्रत्यक्षात लागलेली गोळी कानाजवळून निघून जाते, मराठे जिंकतात आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे भलत्याच मुंबईत जाऊन पोचतात. अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकातही ती ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने आहे. वाचणारे बहुतेक जण मराठ्यांच्या विजयावरच रेंगाळतात: ‘असं झालं असतं तर!’ नारळीकरांचा रोख वेगळा होता. इलेक्ट्रॉन कुठे जाईल हे नियम ठाऊक असूनही सांगता येत नाही. मग गोळीचं काय, आणि वास्तव एकच असतं हे कशावरून? कथेतला राजेंद्र देशपांडे गंगाधरपंतांना हेच समजावतो. अर्थात थोडा दोष नारळीकरांचाही म्हणायचा. मराठी माणसापुढे पानिपतचा विजय वाढून ठेवल्यावर तो इलेक्ट्रॉनकडे कशाला बघेल?

कथा घरात असेल तर या दिवाळीत पुन्हा काढा आणि राजेंद्रचे ते संवाद न गाळता वाचा.