झरपटचे पाणी

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मुरूम दोन प्रकारचा. एक रस्त्यावर टाकतात, दुसरा वयात आलेल्या मुलामुलींच्या गालांवर आपण होऊन येतो. पहिला वाहून गेला की रस्त्याला खड्डे पडतात, दुसरा गेला की चेहऱ्याला. रस्त्याच्या खड्ड्यांची तक्रार करायला निदान कचेरी तरी आहे. चेहऱ्याच्या खड्ड्यांची तक्रार कुठे करावी, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते.

माझ्या चेहऱ्याला हे खड्डे पंधराव्या-सोळाव्या वर्षी पडले. आईने डाळीचे पीठ झाले, हळद झाली, जायफळ उगाळून झाले. मुरूम आले तसे आपल्या मर्जीने गेले आणि जाताना आपल्या खुणा ठेवून गेले. पुढे मला पाहायला येणे सुरू झाले, तेव्हा एका स्थळाकडची मावशी मोठ्या प्रेमाने म्हणाली, “बाळ, जरा उजेडात बस बरे!” मी खिडकीशी सरकून बसले. ते स्थळ पुन्हा आले नाही. त्यानंतर कितीतरी वर्षे, कुठल्याही घरी गेले तरी माझी पहिली नजर खिडकी कुठल्या बाजूला आहे इकडे जाई.

लग्न झाले ते वनखात्यातल्या माणसाशी. आयुष्यभर सागाच्या खोडांकडे पाहिलेल्या त्या गृहस्थाला खडबडीत सालीचे काही वाटत नसावे. आम्ही आलापल्लीला होतो, तेव्हा बाजाराच्या दिवशी मोहफुले विकायला एक माडिया आजी येई. तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत गोंदण होते. एकदा तिने माझ्या गालाला बोट लावले आणि मोडक्या मराठीत विचारले, “हे कोणी गोंदले?” मला हसू आवरेना. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे मेल्यावर बरोबर येते, असे त्या लोकांत मानतात. म्हणजे माझीही काही शिदोरी बांधलेली आहे म्हणायची! त्या दिवसापासून मी आपल्या चेहऱ्याशी समेट केला, आणि या बाबतीत आपण फार शहाण्या झालो, असे मला वाटू लागले.

त्या शहाणपणाची किंमत मात्र माझ्या लेकीने मोजली.

चौदाव्या वर्षी तिच्या गालांवर मुरूम दिसू लागले. ती आरशासमोर रडू लागली, की मी म्हणे, “अगं, वयाचे आहे, वयाबरोबर जाईल. रूप काय चाटायचे आहे?” पण तिचे मुरूम साधे नव्हते. आत गाठी होत, त्या पिकत, दुखत. शेजारच्या काकू एक दिवस म्हणाल्या, “काहून वं, पोरीच्या तोंडाले काही लावत नाहीस?” आणि त्यांनीच एका मलमाचे नाव सांगितले. औषधाच्या दुकानात ते कुणी काही न विचारता मिळाले. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. मलम थांबवताच दुप्पट पेटला. त्यात स्टेरॉईड होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. तोवर दोन वर्षे गेली होती.

मुलगी शिकली, नोकरीला लागली, पण घरातल्या कुठल्याही लग्नाच्या फोटोत ती मागच्या रांगेत, केसांनी एक गाल झाकून. मी तिला समजावायला जाई आणि आलापल्लीच्या आजीची गोष्ट सांगे. ती ऐकून घेई. मागच्या वर्षी दिवाळी सरली आणि ती एवढेच म्हणाली, “आई, मी चामडीच्या डॉक्टरांना दाखवणार आहे. तू येशील?”

मी गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दिवा तिरका धरून तिचा गाल पाहिला. (उजेडात बस बरे!) त्या म्हणाल्या, “हे सगळे खड्डे एका जातीचे नाहीत. काही सुईने टोचल्यासारखे अरुंद नि खोल, काही उभ्या काठांचे, काही उतरत्या काठांचे, बशीसारखे. ज्याचा त्याला उपाय वेगळा.” अरुंद खड्ड्यात बारीक काडीने जहाल आम्लाचा थेंब सोडतात, म्हणजे तळाला नवी कातडी धरते. बशीसारख्या खड्ड्याला आतून दोऱ्यांनी खाली ओढून धरलेले असते. तिथे कातडीखाली सुई घालून त्या दोऱ्या तोडतात. बारीक सुयांच्या यंत्राने कातडी टोचतात, मग जखम भरताना आत कोलॅजन नावाचे द्रव्य तयार होते आणि खड्डा वर उचलला जातो. लेसरही आहे, पण आपल्या सावळ्या कातडीवर तो बेताने वापरावा लागतो, नाही तर खड्डा भरतो आणि काळा डाग उरतो. शिवाय आधी मुरूम पुरते थांबले पाहिजेत. नाही तर एकीकडे बुजवायचे, दुसरीकडे नवे पडायचे.

“आणि ऊन टाळायचे,” त्या म्हणाल्या. ४७ अंशांवर पारा चढणाऱ्या गावात हे सांगताना त्यांनाही हसू आले. “पुष्कळ फरक पडेल. पण काहीच नव्हते असे होणार नाही, हे आजच सांगते.”

मग त्यांनी सहज विचारले, “सुरुवातीलाच औषध घेतले असते तर इतक्या खुणा राहिल्या नसत्या. तेव्हा दाखवले नव्हते?”

मी खाली पाहिले. लेक म्हणाली, “तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते.”

त्या ‘आम्हाला’ने मला जे झाले ते कुठल्याही टोमण्याने झाले नसते. ठाऊक नव्हते हे खरे. पण विचारले मी नव्हते.

परतताना अंचलेश्वराच्या देवळाशी थांबलो. आमच्या या शहराचा जन्मच कातडीच्या दुखण्यातून झाला, अशी आख्यायिका आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याचे अंग फोडांनी भरले होते. शिकारीला गेला असता तहान लागली, झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात पाणी दिसले. तो प्याला, तोंड-हातपाय धुतले. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली आणि सकाळी फोड नाहीसे झाले. तिथेच देऊळ झाले, पुढे राजधानी वसली.

“राजाचे एका रात्रीत झाले,” लेक हसून म्हणाली. “मला वर्ष लागणार.”

लहानपणापासून मी ही गोष्ट पाण्याची म्हणून ऐकली होती. त्या दिवशी मला त्यातली राणी आठवली. नवऱ्याचे अंग सकाळी निरखून पाहिले ते तिने. काल कुठे गेला होतात, काय केलेत, असे खोदून विचारले तिने, आणि त्याला घेऊन त्या खळग्यापाशी गेली तीही तीच. वयाचे आहे, आपोआप जाईल, असे ती म्हणाली नाही.

आधी काही महिने औषधे, मग महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने सुया. आजवर चार वेळा झाल्या. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस तिचा चेहरा लालबुंद होतो, आणि मी तिच्या उशाशी बसते. खड्डे उथळ झाले आहेत, गेलेले नाहीत. मला डॉक्टरीणबाईंनी विचारले, “तुमचेही पाहू का?” मी म्हटले, “राहू द्या, माझे गोंदण आहे.” लेकीला ते मी आता सांगत नाही. समेट ज्याचा त्याने करायचा असतो.

परवा वसुबारसेला तिने अंगणात पणती लावली आणि तिथेच पायरीवर टेकली. तिरका उजेड तिच्या गालावर पडला होता. केस मागे बांधलेले होते. मी तिला आत ये म्हणाले नाही. तिच्या शेजारी, उजेडात, जाऊन बसले.