तांबड्या शाईचा शेरा

आमच्या आठवीच्या वर्गांत निसर्गसंग्रह करण्याचा परिपाठ आहे. दोन वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें कोंकणांतील आपल्या आजोळाहून बटणाएवढे चपटे, गुळगुळीत शंख आणिले. कांहीं गुलाबी, कांहीं करडे, कांहीं पिवळसर, तर कांहीं पट्ट्यापट्ट्यांचे होते. त्यानें ते सारे एकाच डबींत घालून वर एकच नांव लिहिलें : अंबोनियम. मीं तांबड्या शाईनें शेरा मारिला, "रंगांप्रमाणें जाती निरनिराळ्या कराव्या," आणि गुणही कापिले. "पण सर, घडण तर एकच आहे," एवढेंच बोलून मुलगा खालीं बसला.

पुढें नाताळच्या सुटींत मला खोल समुद्रांतील इवल्या गोगलगाईंविषयीं वाचण्याचा नाद लागला. 'चॅलेंजर' जहाजानें १८७२ ते १८७६ पर्यंत जगभर फिरून समुद्रतळाचा गाळ वर काढिला. त्यांतील शंखांची ओळख पटविण्याचें काम रॉबर्ट बूग वॉटसन या स्कॉटिश पाळकांनीं केलें व त्यांचा ग्रंथ १८८६ सालीं प्रसिद्ध झाला. उपदेश करणाऱ्या मनुष्यानें असल्या बारीक शंखांवर डोळे शिणवावे, याचें मला मोठें कौतुक वाटलें.

अंधारांतील हे शंख बहुधा पांढुरके असतात. तेव्हां रंगाचा आधार तेथें जवळजवळ नाहींच. मग पाहावयाचें तें शंखाचें अगदीं टोंक. प्राणी बाल्यावस्थेंत असतांना बनलेला कण तेथें तसाच राहतो, व पिलूं पाण्यांत तरंगत वाढलें कीं अंड्यांतील बलकावर पोसलें, याचें अनुमान त्यावरून करितां येतें. दुर्दैवानें खोल पाण्यांत हेंच टोंक अनेकदां झिजलेलें असतें! प्राणी आंत असेल तर त्याच्या जिभेवरील सूक्ष्म दांतांची पट्टी तपासावी लागते. कारण निरनिराळ्या कुळांतील शंखही कधीं कधीं फसवे सारखे दिसतात.

परंतु माझी खरी फजिती केली ती हिंदी महासागरांतील एका गोगलगाईनें. ही आकारानें त्या मानानें बरीच मोठी. सुमारें अडीच हजार मीटर खोलीवर, तळांतून उसळणाऱ्या उष्ण झऱ्यांपाशीं, ती २००१ सालीं प्रथम सांपडली. तिच्या पायावर कौलांसारखे खवले असून त्यांवर लोह व गंधक यांचा काळा लेप होता. पुढें २००९ सालीं शोध लागलेल्या दुसऱ्या झऱ्यांपाशीं तशाच, परंतु पांढुरक्या खवल्यांच्या गोगलगाई मिळाल्या. मजसारख्या मास्तरानें तत्काळ दोन जाती केल्या असत्या! तज्ज्ञांनीं त्यांचीं आनुवंशिक लक्षणें ताडून पाहिलीं, तों जात एकच. त्या दुसऱ्या ठिकाणच्या झऱ्यांत लोह फार थोडें, म्हणून लेप नाहीं. २०१५ सालीं दोहींस मिळून ख्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम हें एकच नांव रीतसर देण्यांत आलें.

सुटी संपतांच मीं ती डबी उघडली आणि भिंग लावून एकेक शंख पाहिला. तेच वेढे, तळाशीं तोच चकचकीत उंचवटा. दुसऱ्या दिवशीं सर्व वर्गासमक्ष मीं माझा शेरा खोडला, कापलेले गुण परत दिले आणि चूक माझी होती असें सांगितलें. मुलगा लाजून खालीं पाहूं लागला, पण मधल्या सुटींत येऊन त्यानें विचारलें, "सर, आतां मलाही भिंग द्याल का?"

ती डबी अद्याप कपाटांत आहे. खोडलेला शेरा अजून वाचतां येतो.