दारूचा काटा

परदेशी लेकीकडे सहा महिने राहायला गेलेल्या बापाला काम असतं तरी काय? सकाळी नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं आणि दुपारी त्याच बसची वाट पाहायची. मधला वेळ शेजाऱ्यांकडे बघण्यात घालवायचा. टेक्सासात आमच्या लेकीच्या शेजारी एक सत्तरी उलटलेले गृहस्थ राहात. पांढऱ्या भरघोस मिशा, ताठ पाठ, एके काळी सैन्यात होते. त्यांचं नाव उच्चारताना माझी कवळी दगा देई, म्हणून आम्ही उभयतांनी आपसात त्यांचं नाव 'सुभेदार' ठेवून टाकलं.

तिसऱ्याच दिवशी ही लगबगीने आत आली आणि दार लावून म्हणाली, "अहो, ऐकलंत का? सुभेदार रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये बसून दारू मोजतात म्हणे!"

"मोजून घेणारा माणूस सज्जनच असतो," मी म्हणालो.

"पिण्याची नव्हे हो, बंदुकीची!"

मी पेपर खाली ठेवला.

खुलासा लेकीने केला. बंदुकीची गोळी सुटली की काडतुसाची पितळी पुंगळी मागे राहते. ती फेकायची नाही. घासूनपुसून तिच्या बुडाला नवी ठिणगीची टोपी बसवायची, आत मोजून दारू घालायची, तोंडाशी नवी गोळी दाबायची, की झालं काडतूस तयार. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय हा उद्योग केला, तर पाहुणचार सरकारी मिळतो. तिकडे मात्र निवृत्त माणसं हे करतात, आपल्याकडे निवृत्त माणसं गुलाबाची कलमं करतात तसं.

सुभेदारांचा जुना काटा पडून त्याची धार मोडली होती. नवा घ्यायचा होता. तेवढ्यात आमच्या लेकीने त्यांना सांगून ठेवलं, की माझे आजोबा वाईला सराफ होते. झालं! सुभेदारांनी समजूत करून घेतली, की या म्हाताऱ्याच्या रक्तातच काटा आहे. वास्तविक मी जन्मभर विम्याच्या कचेरीत फायली उचलल्या. पण परक्या देशात आपल्याला कोणी तज्ज्ञ समजत असेल, तर ते लगेच नाकारण्याइतका विनय माझ्या अंगी नाही.

शिवाय त्यांचं माप ऐकून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. ते दारू ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात ७००० ग्रेन. आणि इंग्रजांनी १८३३ साली आपला तोळा ठरवला तो बरोबर १८० ग्रेनांचा! तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. म्हणजे गुंज झाली पावणेदोन ग्रेनांहून किंचित जड. मी हे कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा सुभेदारांनी माझ्याकडे अशा आदराने पाहिलं, की तसं आमच्या कचेरीतल्या एकाही साहेबाने पाहिलं नव्हतं. पिस्तुलाच्या एका काडतुसाला दारू लागते चार-पाच ग्रेन, म्हणजे अडीच गुंजा. आणि काट्याने ग्रेनचा दहावा भाग दाखवला पाहिजे. साडेसहा मिलिग्रॅम! आमच्या हिच्या भाजीतल्या मिठाच्या अंदाजात एवढा नेमकेपणा असता तर माझा रक्तदाब वेगळा असता.

दुकानात दोन पर्याय होते. एक दांडीचा काटा: दांडीवर दोन सरकती वजनं, मोठं पाच-पाच ग्रेनच्या खाचांतून जाणारं, छोटं दशांशाचं, आणि दांडी उगाच झुलत राहू नये म्हणून टोकाशी लोहचुंबक. सगळा मिळून ५०५ ग्रेन तोलणारा, म्हणजे जेमतेम पावणेतीन तोळे. दुसरा इलेक्ट्रॉनिक: दारू टाकली की आकडा हजर. विक्रेता पोरगा अर्थातच दुसऱ्याच्या बाजूने होता.

मी वडिलांचा मुलगा झालो. आमच्या दुकानातला काटा काचेच्या पेटीत असे. सोनं तोलताना भर वैशाखात पंखा बंद होई आणि गिऱ्हाईक शिंकायला ओटीवर जाई. मी पोराला म्हणालो, "तेच वजन पुन्हा ठेव. आता काढ. पुन्हा ठेव." वरून एअरकंडिशनरचा झोत येत होता. आकडा ५.० वरून ५.१ वर गेला, मग ४.९ वर आला. "पाहिलंत?" मी सुभेदारांना म्हणालो, "दांडी शंका आली की थरथरते. हे यंत्र थाप मारतानासुद्धा आकड्यात मारतं." सुभेदारांनी दांडीचा काटा घेतला. घरी येईपर्यंत मी मोटारीत काचेच्या पेटीवर व्याख्यान दिलं.

संध्याकाळी गॅरेजमध्ये मुहूर्त झाला. टेबल समपातळीत आणलं, स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला. सुभेदारांच्या उजव्या हाताला हल्ली कंप सुटे आणि डोळ्यांना बारीक रेघा दिसत नसत. ते मला म्हणाले, "पाच ग्रेन लावा. तुम्ही तज्ज्ञ."

तज्ज्ञांनी लावले. चिमूट-चिमूट दारू घालून मी दांडी रेघेवर आणत होतो आणि पुंगळ्यांत ओतत होतो. बारा झाल्या. गोळ्या दाबण्यापूर्वी सुभेदारांनी खिशातून एक डबी काढली, चिमट्याने पाच ग्रेनचं इवलंसं प्रमाण वजन उचललं आणि पारड्यात ठेवलं.

दांडी जागची हलली नाही.

मोठं वजन एक खाच पुढे होतं. पाचाच्या जागी मी दहा तोलत होतो. पुंगळी लहान, तरी दुप्पट दारू तिच्यात निमूट मावली होती. दुप्पट प्यायलेला माणूस फार तर गटारात पडतो. दुप्पट भरलेली दारू नळी फोडते आणि हात घेऊन जाते. आणि रविवारी त्या गोळ्या सुभेदारांचा कॉलेजात जाणारा नातू निशाण्यावर झाडणार होता.

सुभेदार एक शब्द बोलले नाहीत. बाराही पुंगळ्या त्यांनी परत डब्यात ओतल्या. त्या वेळी त्यांचा हात थरथरत नव्हता. माझे दोन्ही थरथरत होते.

मग म्हणाले, "हे मी रोज करतो. तुम्ही होता म्हणून नव्हे."

त्या रात्री मला वडील आठवले. १९६३ साली सुवर्णनियंत्रण आलं, चौदा कॅरटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी झाली, दुकान बसलं आणि काटा माळ्यावर गेला. त्याआधीची गोष्ट. ते प्रत्येक डाग दोनदा तोलत. एकदा डाव्या पारड्यात, एकदा उजव्या. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "अण्णा, काट्यावर विश्वास नाही काय?"

"काट्यावर आहे हो," वडील म्हणाले, "माझ्यावर नाही."

एवढं ऐकलेलं असून मी साठ वर्षं ती गोष्ट काट्याची म्हणून सांगत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच दुकानात जाऊन इलेक्ट्रॉनिक काटाही आणला. आता सुभेदार दांडीवर तोलतात, दर दहाव्या पुंगळीला यंत्राची साक्ष काढतात आणि दोघांवर डबीतल्या वजनाचा पहारा. झोत बंद करण्याचं काम माझ्याकडे आलं. तेवढं मी चोख करतो, आणि बंद केल्यावर पुन्हा एकदा बघून येतो.

ही सगळी हकिकत हिला सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "चाळीस वर्षं तुम्ही दाराला कुलूप लावल्यावर मी ते ओढून बघते, तेव्हा काय म्हणत होतात?"

ते इथे लिहिण्यासारखं नाही.