‘ना’ आणि चिकटपट्टी

तुमच्यापैकी कुणी तबला शिकत असेल, तर ‘ना’ वाजवताना होणारी फजिती त्याला वेगळी सांगायला नको. सातवीत असताना माझा ‘ना’ काही केल्या स्वच्छ निघेना. चाटेवर बोट मारलं की मागे एक भणभण रेंगाळायची. गुरुजी म्हणायचे, “अनामिका टेकव गं.” मी म्हणायचे, “टेकवतेय की!” पण ती दाबली की आवाज मुका, उचलली की पुन्हा भणभण.

स्नेहसंमेलन आठवड्यावर आलं. मी ठरवून टाकलं, दोष तबल्याचाच! तबला गुरुजींचा, सरावासाठी घरी आणलेला. त्याच्या शाईच्या काठावर मी चिकटपट्टीचे दोन तुकडे लावले. भणभण गेली खरी, पण तबला पाटासारखा वाजू लागला. म्हणून पट्टी ओढली, तर तिच्याबरोबर शाईचे काळे कपचे निघाले!

ही शाई म्हणजे नुसता काळा रंग नव्हे बरं का. लोखंडाची बारीक पूड आणि खळ यांचे थरावर थर देऊन, दगडाने घोटून ती बसवतात. साध्या कातड्यावर थाप मारली, तर मूळ स्वराबरोबर त्याच्या सुमारे १.५९ पट, २.१४ पट असे वेडेवाकडे स्वर उठतात. एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. शाईच्या वजनाने तेच स्वर दुप्पट, तिप्पट असे जवळजवळ रांगेत येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये याविषयी लिहिलं होतं. आणि मी ती शाईच उपटली होती.

गुरुजींकडे जाताना मी मांजराची गोष्ट रचली होती. त्यांनी पुडीवर बोट फिरवलं, चिकट लागलेलं बोट माझ्यासमोर धरलं. मग मी सगळं सांगून टाकलं. ते रागावले, चांगलेच. नव्या पुडीचे पैसे आईने दिले, आणि माझी सहलही त्या वर्षी राहिली.

मग त्यांनी दुसरा तबला पुढे ओढला. “माशी बसते ना, तेवढाच भार.” अनामिका शाईच्या काठावर हलकी टेकली, की सगळं कातडं एकदम वरखाली होणारं कंपन थांबतं. पण ज्या कंपनात बोटाखालची जागा मुळातच हलत नाही, ते चालूच राहतं. तोच आपला ‘ना’. दाबलं की तेही मरतं.

संमेलनात मी झांजा वाजवल्या. ‘ना’ निघाला तो होळीच्या सुमारास, एकदाच. दुसऱ्यांदा निघायला आणखी दोन दिवस लागले.