राज्य गेले, वेदी राहिली

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सिल्वासा पाहण्याचा योग आला. वसईहून शनिवारी सकाळच्या गाडीने निघालो. पालघर, डहाणू, घोलवड मागे पडले. लावणी आटोपलेली भातखाचरे वाऱ्यावर डोलत होती आणि पूर्वेस डोंगरांच्या माथ्यावर ढग टेकले होते. समोरच्या बाकावर एक वयोवृद्ध गृहस्थ बसले होते. ‘कोठवर जाणार?’ असे त्यांनी आपुलकीने विचारले. ‘सिल्वासाला. उद्याची मिस्सा तिथल्याच देवळात ऐकावी म्हणतो,’ असे मी सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, ‘असे होय! म्हणजे तुमच्याच लोकांचे राज्य होते की तेथे.’

त्यांच्या बोलण्यात विखार मुळीच नव्हता. तरीही ते शब्द पायात काटा मोडावा तसे मनात रुतून बसले. वाचकहो, असा बोल आपल्यापैकी कोणी ऐकला नाही? आपली आडनावे परेरा, लोपीस, डिमेलो. आपल्या वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता आणि त्यांच्या मठमंदिरांचे भग्न अवशेष आजही किल्ल्यात उभे आहेत. तेव्हा फिरंग्यांचे राज्य आमचे होते काय? नव्हते, तर मग आमचे काय होते? हा प्रश्न उराशी धरूनच मी वापीच्या स्थानकावर उतरलो.

वापीहून सिल्वासा काही फार दूर नाही. तरी एवढ्याशा वाटेत राज्यांच्या सीमा प्रवाशाशी लपंडाव खेळतात. गुजरातच्या भूमीतून निघावे तो दादरा लागते. दादरा ओलांडावे तो पुन्हा गुजरात. आणि मग नगर हवेलीची हद्द. रस्त्याच्या दुतर्फा कारखान्यांची रांग आहे, मालमोटारींची वर्दळ आहे आणि मध्येच एखाद्या बांधावर डोक्यावर इरले घेतलेली वारली स्त्री उभी दिसते. जमिनीचे असे तुकडे कोणी व कशासाठी केले, हे समजून घ्यावयाचे तर अडीचशे वर्षे मागे जावे लागते.

हा मुलूख पूर्वी रामनगरच्या राजांचा. पुढे तो मराठ्यांकडे आला. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाचे एक पोर्तुगीज लढाऊ जहाज पकडले आणि त्याच्या भरपाईची बोलणी सुरू झाली. तशातच मराठ्यांचे इंग्रजांशी युद्ध जुंपले होते. अशा वेळी पोर्तुगीजांशी वैर परवडणारे नव्हते. म्हणून १७७९ साली पुण्यात तह झाला, आणि वर्षाला बारा हजार रुपये वसूल येईल एवढी गावे पोर्तुगीजांना लावून देण्याचे पेशव्यांनी मान्य केले. १७८३ व १७८५ च्या सनदांनी ही गावे त्यांच्या हाती गेली. एका जहाजाच्या कज्जातून या डोंगरातल्या वारली, कोकणा, धोडिया, काथोडी या आदिवासींचा धनी बदलला. समुद्र ज्यांनी कधी पाहिला नसेल अशी ती माणसे दूरच्या एका दर्यावर्दी राजाची प्रजा झाली.

तो राजाही लहानसहान नव्हता. पोर्तुगाल हा युरोपच्या पश्चिम टोकावरचा चिमुकला देश. परंतु १४१५ साली आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सेउता हे ठाणे घेऊन त्याने जो पाय समुद्रात टाकला, तो चार खंडांवर फिरला. दक्षिण अमेरिकेत ब्राझील, आफ्रिकेत अंगोला व मोझांबिक, आशियात गोवा, दमण, दीव, चीनच्या किनाऱ्यावर मकाव आणि त्याही पलीकडे तिमोर. रोमच्या कैसरांचे राज्य भूमध्य समुद्राभोवतीच्या तीन खंडांत पसरलेले होते. पोर्तुगालच्या राजाची निशाणे चार खंडांत फडकली. सह्याद्रीत नाशिककडच्या डोंगरांत उगम पावून दमणला समुद्राला मिळणारी आपली दमणगंगा वाटेत याच साम्राज्याच्या एका कोपऱ्याला स्पर्श करीत होती.

सिल्वासा त्या वेळी एक खेडे होते. कारभाराचे ठाणे दरारा येथे होते. ते हलवून सिल्वासाला आणले गेले आणि ११ फेब्रुवारी १८८५ च्या हुकुमाने या खेड्याला शहराचा दर्जा मिळाला. त्याबरोबर नवे नावही मिळाले, ‘व्हिला द पासो द आर्कुश’. पासो द आर्कुश हे लिस्बनजवळच्या, तागुस नदीच्या मुखाशी असलेल्या एका गावाचे नाव. लिस्बनला जे नाव गोड वाटले, ते दमणगंगेकाठच्या माणसांच्या जिभेवर बसले नाही. ती आपली सेलवास म्हणत राहिली. आज सरकारी पाटीवर सिल्वासा आहे, बाजारात सेलवास आहे, आणि तो लांबलचक पोर्तुगीज शब्द केवळ जुन्या कागदांत पडून आहे. नाव देणे राजाच्या हाती असते. ते टिकविणे मात्र प्रजेच्या मुखी असते.

रविवारी सकाळी पावसाची भुरभुर होती. ख्रिस्तमंदिर गावाच्या मध्यभागीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या अमदानीत ते बांधले गेले. ते ज्या नावाने पवित्र मरियेला वाहिलेले आहे, ते नाव ऐकून मी क्षणभर थबकलो. ‘नोसा सेन्योरा द पिएदादि’, म्हणजे करुणेची माता. क्रूसावरून उतरविलेल्या आपल्या पुत्राचे कलेवर मांडीवर घेऊन बसलेली माउली. साम्राज्याच्या या ठाण्यात विजयाची राणी नव्हे, तर ही शोकाकुल आई वेदीची स्वामिनी झाली होती.

माझ्या बाकावर एक कामगार कुटुंब बसले होते. मिस्सा संपल्यावर ओळख झाली, तेव्हा कळले की ते पोटासाठी झारखंडातून येथे आले आहे. पलीकडे केरळातल्या परिचारिका होत्या, गोव्याकडची काही घराणी होती आणि आसपासच्या पाड्यांवरची माणसेही होती. पोर्तुगीज बोलणारे कोणी मला भेटले नाही. पोर्तुगालने उभारलेल्या त्या छपराखाली हिंदुस्थानच्या चार दिशा गुडघे टेकून होत्या. या भूमीतील ख्रिस्तसभा आजही गोवा व दमणच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखाली आहे. राज्याची रेषा पुसली गेली, परंतु मेंढपाळाची वाट तीच राहिली.

मिस्सा आटोपल्यावर मी ओल्या अंगणात उभा राहिलो. ऑगस्टचा पहिला आठवडा मी मुद्दामच निवडला होता, कारण २ ऑगस्ट हा या गावचा मुक्तिदिन. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, अशाच पावसात, येथले साम्राज्य कोसळले. २१ जुलैच्या रात्री फ्रान्सिस मास्कारेन्यस आणि वामन देसाई यांच्या नेतृत्वाखाली गोमंतकीयांची एक तुकडी दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावर चालून गेली. ठाण्याचा अंमलदार आनिसेतु द रोझारिओ आपली जागा न सोडता तेथेच मारला गेला. २८ जुलैला नरोली मुक्त झाली. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दलाच्या व राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या स्वयंसेवकांनी सिल्वासा घेतले. त्यांत राजा वाकणकर होते, नाना काजरेकर होते, आणि ज्यांच्या सुरांवर महाराष्ट्र जीव टाकतो ते सुधीर फडकेही होते. पोर्तुगीज कारभारी कॅप्टन फिदाल्गो आपल्या माणसांसह डोंगरांकडे निघून गेला आणि ११ ऑगस्टला शरण आला.

या हकिकतीतील दोन नावे मला पुनःपुन्हा आठवत राहिली: मास्कारेन्यस आणि रोझारिओ. एक मुक्तीसाठी चालून जाणारा, दुसरा राज्याच्या चाकरीस जागणारा. आणि दोघांचीही नावे आपल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत शोभतील अशी. ‘तुमच्याच लोकांचे राज्य’ असे म्हणणाऱ्या त्या वृद्ध गृहस्थांना कोणते ‘तुमचे लोक’ अभिप्रेत होते? येथे तर बंदुकीच्या दोन्ही बाजूंना ख्रिस्ती नावे उभी होती. करुणेच्या मातेने त्या रात्री कोणाला मांडीवर घ्यावे? आईला झेंडे ओळखता येत नाहीत, मुले ओळखता येतात. पडलेल्या प्रत्येकाकडे ती एकाच डोळ्यांनी पाहत असेल.

पुढची कथा तर अधिकच विलक्षण आहे. पोर्तुगालने १९५५ साली हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. दमणहून या गावांकडे येण्याजाण्याचा, सैन्यासुद्धा, आपल्याला हक्क आहे, असे त्याचे म्हणणे. जगातील मोठमोठे कायदेपंडित आपल्या पुण्याच्या तहाचा कीस पाडीत बसले. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. मराठ्यांनी दिले होते ते वसुलाचे उत्पन्न, म्हणजे जहागीर अथवा सरंजाम. राज्याचे स्वामित्व नव्हे. ते पुढे इंग्रजांच्या मूक संमतीने पोर्तुगालकडे आले, असे न्यायालयास दिसून आले. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना वाट होती. सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांना नव्हती. आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही. पावणेदोनशे वर्षे ज्याला पोर्तुगाल आपले राज्य समजत होता, त्याचे मूळ बारा हजार रुपयांच्या सरंजामात निघाले!

मधल्या काळात येथील लोकांनी वरिष्ठ पंचायतीच्या द्वारे आपला कारभार आपण चालविला. १९६१ साली भारतात विलीन होण्यासाठी करारावर सही कोणी करावयाची, असा पेच पडला, तेव्हा भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते या चिमुकल्या देशाचे पंतप्रधान करण्यात आले, आणि त्यांनी पंडित नेहरूंबरोबर सही केली. ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा व नगर हवेली भारताचा अधिकृत भाग झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवाही मुक्त झाला. १९७५ साली अंगोला व मोझांबिक स्वतंत्र झाले आणि १९९९ साली मकाव चीनकडे गेले. चार खंडांचे राज्य आटून पुन्हा युरोपच्या त्या टोकाशी जाऊन बसले.

परंतु राज्य गेले म्हणजे त्याचे सारे गेले, असे मात्र नाही. पोर्तुगीजांनी १९१९ च्या शेतकी कायद्यान्वये येथील जमिनी ‘अल्वारा’ नावाच्या सनदांनी काही लोकांना लागवडीसाठी दिल्या. जमीन लागवडीस आणली नाही, म्हणून त्या सनदा १९७४ साली जिल्हाधिकाऱ्यांनी रद्द केल्या. त्यावरून उठलेला वाद सर्वोच्च न्यायालयात २०२५ साली संपला; रद्द करणे योग्यच होते, असा निकाल झाला. झेंडा उतरविण्यास काही दिवस पुरले. जमिनीवरचा जुना शिक्का पुसण्यास सत्तर वर्षे लागली. आपण ख्रिस्ती माणसांनी याकडे डोळेझाक करू नये. जी सत्ता धर्मगुरूंना जहाजांतून पाठवीत आणि मंदिरांना पैसा पुरवीत आली, तीच रयतेच्या जमिनी दूर बसून वाटीत होती. एका हाताचे दान सांगावे आणि दुसऱ्या हाताचे करणे झाकावे, हे सत्यास धरून होणार नाही.

सायंकाळी परत निघण्यापूर्वी दमणगंगेवर गेलो. पाणी गढूळ होते व ओढ मोठी होती. काठावर उभा असताना नाण्याची ती गोष्ट आठवली. कैसराचे चित्र असलेले नाणे प्रभूने मागून घेतले आणि काय उत्तर दिले, ते आपल्या मुलाबाळांनाही पाठ आहे. कैसराची नाणी आज संग्रहालयात आहेत. पोर्तुगालच्या राजाचीही तेथेच गेली. पण माणसावर जे चित्र कोरलेले आहे, ते कोणा राजाचे नव्हे. वसईत १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला, तेव्हा फिरंगी जहाजांत बसून निघून गेले. आपले वाडवडील गेले नाहीत. ते आपल्या वाडीत, आपल्या विहिरीपाशी राहिले, मराठी बोलत राहिले आणि गुडघे टेकून प्रार्थना करीत राहिले. त्यांची श्रद्धा जर फिरंग्यांच्या राज्याची सावली असती, तर ते राज्य मावळताच तीही मावळली असती.

परतीच्या गाडीत ते वृद्ध गृहस्थ भेटतील, अशी वेडी आशा होती. अर्थातच ते भेटले नाहीत. भेटते तर मी त्यांना नम्रपणे म्हणालो असतो, ‘दादा, राज्य आमचे नव्हते. ते मोडणाऱ्यांत आमची माणसे होती आणि ते राखताना मेलेल्यांतही होती. आमची आहे ती केवळ वेदी, आणि तिच्यापाशी तुम्हालाही जागा आहे.’

वाचकहो, आपल्या मुलांना कोणी हाच प्रश्न विचारील, तेव्हा त्यांनी मान खाली घालू नये आणि कोणा राजाची फुशारकीही मारू नये. करुणेची माता आपणा सर्वांना तेवढी सत्यनिष्ठा व तेवढी नम्रता मिळवून देवो.